विश्लेषण : स्वरांचे आकडे कसे होतात? वकिली सोडून संगीताला लिपी देणाऱ्या पं. भातखंडे यांची गोष्ट

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी असो की कोकणातील एखादे गाव, देवळात भजन सुरू होण्याआधी पेटीवाला पट्टी विचारून घेतो. उत्तर आकड्यात येते. काळी एक, पांढरी चार, काळी पाच. समोरच्या गायकाने संगीताचे एकही पुस्तक वाचलेले नसले तरी हा आकडा त्याला पाठ असतो. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात आणि कोणत्या पट्टीवर ‘सा’ धरायचा, एवढेच त्या आकड्याने ठरते.

प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांना असाच एक छोटा प्रकल्प दिला जातो. स्वराचे नाव टाइप केले की संगणकाने त्याचा क्रमांक सांगायचा. ‘सा’ दिला तर ०, ‘प’ दिला तर ७. दहा-पंधरा ओळींत काम संपते आणि विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो.

मात्र त्या ओळी लिहिण्याआधी काही प्रश्न सुटलेले असावे लागतात. एका सप्तकात स्वर किती मानायचे? त्यातले शुद्ध कोणते, कोमल कोणते? कोमल स्वर कागदावर लिहायचा कसा? हिंदुस्थानी संगीतात या प्रश्नांची आज सर्वत्र वापरली जाणारी उत्तरे मुंबईच्या एका वकिलाने १०० वर्षांपूर्वी बसवून दिली. त्यांचे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

प्रकल्पात नेमके काय करायचे असते?

सप्तकात सात शुद्ध स्वर असतात. त्यापैकी ‘सा’ आणि ‘प’ अचल, म्हणजे त्यांची जागा बदलत नाही. रे, ग, ध, नि हे चार स्वर खाली उतरून कोमल होतात. ‘म’ वर चढून तीव्र होतो. सात अधिक पाच मिळून बारा.

या बारांना क्रमाने आकडे दिले की तक्ता तयार होतो. सा ०, कोमल रे १, शुद्ध रे २, कोमल ग ३, शुद्ध ग ४, शुद्ध म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, शुद्ध ध ९, कोमल नि १० आणि शुद्ध नि ११. पायथन भाषेत हा तक्ता ‘डिक्शनरी’ या रचनेत ठेवतात. नाव दिले की आकडा मिळतो. तार सप्तकासाठी त्यात १२ मिळवायचे, मंद्र सप्तकासाठी १२ वजा करायचे.

एक पायरी उरते. आपला ‘सा’ फिरता आहे. तो कोणत्याही पट्टीवर धरता येतो. त्यामुळे प्रत्यक्ष आवाज काढायचा तर स्वरासोबत पट्टीही सांगावी लागते. इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या मानकात पियानोच्या मधल्या पांढऱ्या एकला ६० हा क्रमांक आहे. त्या सप्तकातली काळी एक म्हणजे ६१. तिथे ‘सा’ धरला तर ‘प’ चा क्रमांक ६१ अधिक ७, म्हणजे ६८. पेटीवर मोजून पाहिले तर ती पट्टी काळी चार निघते. बेरीज जुळते.

ही बेरीज जुळण्यामागे एका माणसाची जवळपास ५० वर्षांची खटपट आहे.

भातखंडे कोण होते?

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घरात गाण्याची आवड होती, पण मुलाने गाण्यावर पोट भरावे असे त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबात कोणाच्या मनात येण्यासारखे नव्हते. शिक्षण आणि त्यानंतर नोकरी किंवा वकिली, हा रस्ता ठरलेला होता.

शाळकरी वय संपता संपता त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकायला सुरुवात केली. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सदस्य झाले. ही संस्था १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी सुरू केली होती. तिथे चांगल्या घरातील हौशी लोकांना उस्तादांकडून शिकता येत असे. भातखंडे यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपद आणि अली हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. शेकडो चिजा त्यांच्या संग्रही जमा झाल्या.

दुसरीकडे पदव्याही मिळत होत्या. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एलएल. बी. झाल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीत होते, नंतर मुंबईत परतले.

वकिलाच्या नजरेला एक गोष्ट खटकत होती. एकाच रागाबद्दल दोन उस्ताद दोन वेगळे नियम सांगत. कोणी एखादा स्वर वर्ज्य म्हणे, तर कोणी तोच स्वर रागाचा प्राण म्हणे. आधार विचारला तर गुरूने असे शिकवले, एवढेच उत्तर मिळे. संस्कृत ग्रंथ उघडले तर त्यांतील शुद्ध स्वरांचे सप्तक प्रत्यक्ष गाण्यातल्या सप्तकाशी जुळत नसे. रागांची मांडणी राग, त्यांच्या रागिण्या आणि पुत्र अशी कुटुंबासारखी केलेली असे. कोणती रागिणी कोणाची, यावर ग्रंथांचे आपसांतच एकमत नव्हते.

वकिली का सोडली?

१९०० मध्ये भातखंडे यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये त्यांची मुलगीही गेली. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी वकिलीचे काम आवरते घेतले आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले.

पुढे काय करायचे, याचा आराखडा त्यांच्यापुढे स्पष्ट होता. देशभर फिरायचे, जिथे हस्तलिखित असेल तिथे जाऊन ते पाहायचे, जिथे जाणकार असेल तिथे जाऊन प्रश्न विचारायचे आणि सगळे लिहून ठेवायचे. प्रवासात ते प्रश्नांची यादी सोबत नेत आणि रोजनिशी लिहीत. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा या मुलाखती होत्या. काही ठिकाणी मोकळेपणाने उत्तरे मिळाली, काही ठिकाणी दारे बंद झाली.

१९०४ च्या दक्षिण दौऱ्यात काय सापडले?

पहिला मोठा दौरा १९०४ मध्ये दक्षिणेकडे झाला. मद्रास, तंजावर, मदुराई अशी ठिकाणे करत ते एट्टयपुरम या छोट्या संस्थानात पोहोचले. तिथे सुब्बराम दीक्षितर हे वृद्ध विद्वान राहत होते. त्यांच्यामुळे भातखंडे यांचा १७ व्या शतकातील व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाशी जवळून परिचय झाला.

व्यंकटमखी यांनी सप्तकाचे बारा भाग धरून हिशेब मांडला होता. सा आणि प कायम ठेवायचे. ‘म’ चे दोन पर्याय. रे-ग या जोडीच्या सहा रचना, ध-नि या जोडीच्या सहा रचना. दोन गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे ७२ मेळ. यापेक्षा जास्त मेळ त्या चौकटीत होऊच शकत नाहीत. रागांच्या कुटुंबकथा वाचून कंटाळलेल्या भातखंडे यांना इथे मोजता येईल अशी गोष्ट मिळाली.

नावावरून आकडा काढण्याची रीतही दक्षिणेत संगणकाच्या कितीतरी आधी रूढ होती. तिला ‘कटपयादि’ म्हणतात. प्रत्येक व्यंजनाला एक अंक दिलेला असतो. मेळाच्या नावातील पहिली दोन अक्षरे घ्यायची, त्यांचे अंक मांडायचे आणि उलटे वाचायचे. ‘मेचकल्याणी’ मध्ये म चा अंक ५, च चा ६. मिळाले ५६, उलटे केले की ६५. मेचकल्याणी हा ६५ वा मेळ आहे. ‘धीरशंकराभरणम्’ मध्ये ध चा ९ आणि र चा २, म्हणून तो २९ वा. मेळ ठाऊक नसला तरी नावातच त्याचा क्रमांक दडलेला असतो.

या पद्धतीत एक गंमतही आहे. कर्नाटक संगीतात जागा बाराच आहेत, पण स्वरांची नावे सोळा. तिथला चतुःश्रुती रिषभ आणि शुद्ध गांधार एकाच जागेवर येतात. नावावरून आकडा काढणे सोपे, पण आकड्यावरून नाव काढायला गेले तर दोन उत्तरे मिळतात. पाश्चात्य संगीतातील सी शार्प आणि डी फ्लॅट यांचेही तसेच. नवशिक्या प्रोग्रामरला ही अडचण हमखास भेटते.

दहा थाट कसे ठरले?

यानंतर १९०७ आणि १९०८ मध्ये भातखंडे यांनी देशाच्या इतर भागांत दौरे केले. हाती आलेल्या माहितीतून १९०९ मध्ये ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ बाहेर आला. त्यावर स्वतःचे नाव न घालता त्यांनी ‘चतुरपंडित’ हे टोपणनाव घेतले. पुढे मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ चे चार भाग आले. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात लिहिल्यामुळे हा जाडजूड ग्रंथ आजही वाचायला सोपा जातो.

भातखंडे यांनी बिलावलच्या स्वरांना शुद्ध सप्तक मानले. त्यानंतर पाच चल स्वरांचे प्रत्येकी दोन पर्याय धरले, तर २ चा पाचवा घात, म्हणजे ३२ सप्तके तयार होतात. व्यंकटमखींचे ७२ किंवा गणिताने मिळणारे ३२ जसेच्या तसे न घेता त्यांनी प्रत्यक्ष गायले जाणारे राग पाहिले आणि दहा थाट निवडले. आकड्यांत मांडले तर ते असे दिसतात :

• बिलावल : ० २ ४ ५ ७ ९ ११
• कल्याण : ० २ ४ ६ ७ ९ ११
• खमाज : ० २ ४ ५ ७ ९ १०
• भैरव : ० १ ४ ५ ७ ८ ११
• पूर्वी : ० १ ४ ६ ७ ८ ११
• मारवा : ० १ ४ ६ ७ ९ ११
• काफी : ० २ ३ ५ ७ ९ १०
• आसावरी : ० २ ३ ५ ७ ८ १०
• भैरवी : ० १ ३ ५ ७ ८ १०
• तोडी : ० १ ३ ६ ७ ८ ११

बिलावल आणि कल्याण यांच्यात एकाच आकड्याचा फरक आहे, ५ च्या जागी ६. पूर्वी आणि मारवा यांच्यातही एकच, ८ च्या जागी ९. कान तयार व्हायला वर्षे लागतात, पण हा फरक कागदावर पहिल्याच दिवशी दिसतो.

रागासाठीही किमान नियम ठरले. रागात कमीत कमी पाच स्वर हवेत. ‘सा’ कधीही वगळायचा नाही. म आणि प हे दोन्ही एकदम वगळायचे नाहीत. प्रोग्रामच्या भाषेत सांगायचे तर दिलेले उत्तर वैध आहे की नाही, हे तपासणाऱ्या या अटी आहेत.

कोमल स्वर कागदावर कसा लिहायचा?

भातखंडे स्वरलिपीची खरी ताकद तिच्या साधेपणात आहे. शुद्ध स्वराला काहीच खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाचा बिंदू खाली, तार सप्तकाचा वर. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान. तालाची सम गुणिलेच्या चिन्हाने, खाली शून्याने आणि टाळ्या अंकांनी दाखवायच्या. छापखान्यात असलेल्या खिळ्यांनी हे जुळवता येत होते आणि शाळकरी मुलाला पाटीवर लिहिता येत होते.

संगीत लिहून ठेवण्याचा प्रयत्न करणारे भातखंडे एकटे नव्हते. बडोद्यात मौलाबक्ष यांनी आणि कोलकात्यात सौरींद्रमोहन टागोर यांनी आधीच लिप्या तयार केल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि त्यांची लिपी वेगळी होती. ती तालाच्या बारकाव्यांसाठी अधिक नेमकी मानली जाते. तरीही पुढच्या काळात जास्त पसरली ती भातखंडे यांची लिपी, कारण ती चटकन शिकता येते.

आज हीच लिपी संगणकात घालताना मात्र नवे खड्डे लागतात. मोबाइलवर कोमल गांधार ‘ग॒’ असा टाइप केला की डोळ्यांना एक अक्षर दिसते. संगणकासाठी ती दोन चिन्हे असतात, ‘ग’ आणि खालची रेघ. ‘सा’ सुद्धा ‘स’ आणि काना अशी दोन चिन्हे. एकेक चिन्ह वाचत जाणारा प्रोग्राम तिथेच अडखळतो आणि कोमल ग ला शुद्ध ठरवून ३ ऐवजी ४ सांगतो. ‘नि’ आणि ‘नी’ वाचणाऱ्याला सारखेच, संगणकाला वेगळे.

रोमन लिपीत दुसरी अडचण येते. तिथे मोठे अक्षर शुद्ध स्वरासाठी आणि छोटे अक्षर कोमलसाठी वापरण्याची पद्धत आहे. मध्यमाच्या बाबतीत ती उलटते, छोटे अक्षर शुद्ध आणि मोठे तीव्र. खरे तर त्यामागे तर्क आहे, खालच्या जागेला छोटे अक्षर आणि वरच्या जागेला मोठे. पण नवशिका विद्यार्थी सवयीने सगळी अक्षरे छोटी करून घेतो आणि एका आज्ञेत कोमल-शुद्धाचा सगळा भेद पुसला जातो.

विरोध कोणी केला?

घराण्यात जपलेली चीज छापून कोणालाही दोन-चार रुपयांत मिळावी, ही कल्पना अनेक गायकांना पटणारी नव्हती. त्यांची भीती समजण्यासारखी होती. चिजांचा संग्रह हीच त्यांची मिळकत होती आणि राजाश्रय आटत चालला होता. पुस्तकातून गाणारा विद्यार्थी स्वर बरोबर लावेल, पण गाणे कुठून आणेल, असाही आक्षेप होता.

तरी काही उस्तादांनी आपला खजिना खुला केला. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मोहम्मद अली खाँ यांच्या घराण्याकडून भातखंडे यांना जुन्या बंदिशी मिळाल्या. रामपूर दरबाराशी त्यांचा संबंध आला. या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिका’ च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या गेल्या. रागाचे नियम त्याच रागात गुंफून सांगणारी ‘लक्षणगीते’ त्यांनी स्वतः रचली, म्हणजे विद्यार्थ्याला नियम आणि चाल एकदमच पाठ होते.

दुसरा वाद श्रुतींचा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या मदतीने प्रयोग केले आणि सप्तकातील २२ श्रुतींची गणिती मापे मांडणारे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहभागाने २२ श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी आली आणि त्यावर जोरदार वाद झाला.

दोन्ही बाजू स्वरांना आकड्यांत बसवत होत्या. देवल यांना प्रत्येक स्वराची अचूक कंपने हवी होती. भातखंडे यांना शिकवता येईल एवढीच बारा घरांची चौकट पुरेशी वाटत होती. शाळेच्या वर्गापुरता निकाल बारांच्या बाजूने लागला.

भातखंडे यांच्यावरील टीका तिथे थांबत नाही. बहुतेक उस्तादांना शास्त्राची जाण नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लपवले नाही. मुखोद्गत विद्येला त्यांनी ग्रंथाच्या तराजूत तोलले, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला आहे. ज्यांच्या गळ्यातून चिजा मिळाल्या, त्यांच्याच ज्ञानाला कमी लेखले गेले, ही खंत आजही व्यक्त होते.

आकड्यांत काय मावत नाही?

प्रोग्राम लिहून झाल्यावर त्याला भूप रागाचे स्वर द्यावेत. उत्तर येते ० २ ४ ७ ९. आता देसकार रागाचे स्वर द्यावेत. उत्तर तेच, ० २ ४ ७ ९. संगणकासाठी हा एकच राग झाला. मैफलीत मात्र भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि देसकार सकाळी गायला जातो. भूपात गांधारावर मुक्काम असतो, तर देसकारात धैवतावर.

भातखंडे यांना हे माहीत होते. दोन्ही रागांत म आणि नि नाहीत, त्यामुळे निव्वळ स्वर पाहून थाट ठरवणे शक्यच नव्हते. तरी त्यांनी भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात ठेवला. कारण त्यांनी चलन, वादी स्वर आणि गाण्याची वेळ पाहिली. म्हणजे ज्याने बारा घरे आखली, तोच गरज पडेल तिथे घरांपलीकडेही पाहत होता. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तेच. तिघांचे आकडे ० १ ४ ६ ९ ११, आणि तीन स्वभाव.

थाटांची चौकट काही ठिकाणी अपुरीही पडते. अहिर भैरवचे स्वर ० १ ४ ५ ७ ९ १०. वरच्या दहा ओळींपैकी एकीशीही ते जुळत नाहीत. तरी तो राग भैरव थाटात धरला जातो. पटदीप काफी थाटात आणि मधुवंती तोडी थाटात घातला जातो, तेव्हाही हीच ओढाताण होते.

आणखी एक फरक कानाला कळतो. ‘सा’ २४० हर्ट्झला धरला, तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गांधार ३०० हर्ट्झला लागतो, कारण त्यांचे गुणोत्तर ४ : ५ आहे. सप्तकाचे बारा समान भाग करणारे सूत्र तोच गांधार सुमारे ३०२.४ हर्ट्झला देते. दोघांचाही क्रमांक ४ च. पेटीवरचा गांधार तानपुऱ्यासोबत किंचित चढा वाटतो, त्यामागे हे सव्वादोन-अडीच हर्ट्झ असतात. पंचमात मात्र हा फरक अर्ध्या हर्ट्झपेक्षाही कमी, ३६० आणि ३५९.६.

दरबारी कानड्यातला आंदोलित गांधार तर एका जागी थांबतच नाही. तक्ता त्याला ३ म्हणतो. गायक त्या ३ च्या आसपास झुलत राहतो आणि ते झुलणेच दरबारी असते.

लिहून ठेवले, पुढे काय?

पुस्तके छापून भागत नाही, शाळा हव्यात, हे भातखंडे यांनी ओळखले होते. बडोदा संस्थानच्या संगीत शाळेची फेररचना करण्यासाठी १९१६ मध्ये त्यांना बोलावणे आले. १९१८ मध्ये महाराजा माधवराव शिंदे यांच्या पाठबळाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौमध्ये राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या प्रयत्नांतून मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उभे राहिले. अभ्यासक्रम भातखंडे यांचा होता. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते अनेक वर्षे सांभाळले.

या शाळांत पाठांतरासोबत वही आली, वेळापत्रक आले, परीक्षा आली. ज्या घरांत कोणी कधी गाणे शिकले नव्हते, तिथल्या मुलामुलींना वर्गात बसून ‘सा’ लावता येऊ लागला. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहून सेवा करण्याची अट उरली नाही. यातून किती मोठे गायक घडले, यावर वाद घालता येतो. चांगले ऐकणारे आणि शिकवणारे मात्र मोठ्या संख्येने घडले.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला. मांडीचे हाडही मोडले. त्यानंतरची तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेश चतुर्थीच्या दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लखनौचे मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते.

प्रकल्प करणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

स्वरांचे आकडे करताना तीन गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक चुका टळतात :

• स्वर आणि पट्टी हे दोन वेगळे आकडे ठेवावेत. ‘सा’ ० च राहू द्यावा आणि पट्टी शेवटी मिळवावी. मग काळी एकवरून काळी पाचवर जाताना एकच आकडा बदलावा लागतो.
• रेघ, काना आणि वेलांटी यांच्यासह पूर्ण स्वर एकत्र वाचावा. एकेक चिन्ह तोडू नये.
• आकड्यांवरून रागाचे नाव सांगण्याची घाई करू नये. किमान वादी स्वर आणि चलन यांची नोंद सोबत हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. एका थाटाच्या सात स्वरांतून आरोहासाठी २२ आणि अवरोहासाठी २२ रचना करता येतात, म्हणजे २२ गुणिले २२, एकूण ४८४. संगणक ही यादी क्षणार्धात छापतो. त्यातल्या मोजक्याच रचना राग म्हणून गायल्या जातात, कारण रागाने ऐकणाऱ्याचे रंजन करायला हवे, ही जुनी अट कोणत्याही तक्त्यात भरता येत नाही. भातखंडे यांनी थाटांसाठी ३२ सप्तकांतून १० निवडली, तेव्हा त्यांनाही गणित बाजूला ठेवून गाणाऱ्यांकडेच जावे लागले होते.